महाधनेशाचा डोळा

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक नको. बदलता काळ, पिढीतला फरक असले मोठमोठे शब्द मी त्या भावनेला लावून पाहिले, पण एकही नीट बसला नाही. हेवाच तो. रविवारी पहाटे माझ्याबरोबर उठायचा, माझ्याबरोबर टेकडी चढायचा आणि घरी येऊन माझ्याच पानात जेवायचा.

मी तेव्हा पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. आमचे हे पिंपरीच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते आणि दिवसभर वर्तमानपत्रातल्या चुका शोधत असायचे. शाळा आणि घर सोडलं तर माझं स्वतःचं असं एकच काही होतं, ते म्हणजे रविवारचा पक्षी बघणाऱ्यांचा गट. आठ-दहा माणसं, बहुतेक निवृत्त, आणि सगळ्यांच्या मध्ये सर.

सर गणिताचे प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर स्वतःच पुस्तकं वाचून पक्ष्यांकडे वळले आणि गणिताची सगळी शिस्त त्यांनी त्या बिचाऱ्या पक्ष्यांना लावली. नियम एकच होता: नाव शेवटी. पक्षी दिसला की आधी त्याच्या तीन खुणा मोठ्यानं सांगायच्या, त्या बाकीच्यांनी दुर्बिणीतून तपासायच्या, आणि मगच नाव घ्यायचं. "उत्तर आधी लिहिलंत तर शून्य गुण," सर म्हणत. जो उतावीळपणे आधी नाव घेईल त्यानं सरांच्या मोठ्या दुर्बिणीची लोखंडी तिपाई खांद्यावर घेऊन टेकडी उतरायची. नव्या माणसाच्या खांद्यावर पहिले दोन महिने ती असायचीच. माझ्या खांद्यावर बारा वर्षांत दोनदा आली असेल.

कारण बघणं हेच तर माझं काम. मुलींना मी तेच शिकवायचे, आहे तसं बघा, मनातलं काढू नका. सरांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू झाला, दुर्बिणीतून नीट दिसेनासं झालं, तेव्हापासून ते माझ्या डोळ्यांनीच बघत. झाडाकडे तोंड करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हं बाई, सांगा." मी सांगायचे. चोच अशी, शेपटी अशी, पंखावर पट्टी आहे, नाही. सर डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे आणि नाव घ्यायचे. त्यांना घरून आणणंही माझ्याकडेच होतं. सकाळी साडेपाचला त्यांच्या दारात माझी स्कूटर उभी राहायची आणि सर तिपाई आडवी धरून मागे बसायचे. सिग्नलला लोक वळून बघत. मला त्याचा केवढा अभिमान होता, हे आज लिहितानाही जरा लाज वाटते.

आमचा लाडका पक्षी धनेश. पुण्यात राहणाऱ्याला धनेश बघायला जंगलात जावं लागत नाही. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी एक उंबर होता, तो पिकला की जोडीनं यायचे. पण सह्याद्रीत धनेशाच्या चार जाती आहेत आणि नवखी माणसं त्या चारांत हमखास गोंधळ घालतात. आमच्या उंबरावरचा तो राखी धनेश: अंग राखेच्या रंगाचं, चोचीवर छोटंसं टोकदार शिंग, लांब शेपटीच्या टोकाला पांढरं. त्याचा घाटातला भाऊ मलबारी राखी धनेश. त्याच्या चोचीवर शिंगच नाही, चोच पिवळसर नारिंगी, आणि ओरडतो असा की कुणीतरी आपल्याला फिदीफिदी हसतंय असं वाटावं. तिसरा कवड्या धनेश, काळा-पांढरा, चोचीवरचं शिंग कुऱ्हाडीच्या पात्यासारखं पुढे आलेलं. आणि चौथा महाधनेश. कोकणातले लोक त्याला सरळ गरुड म्हणून मोकळे होतात. घारीपेक्षा कितीतरी मोठा, मान पिवळी, चोचीवर वरून सपाट असं भलंथोरलं शिरस्त्राण. कवड्या आणि महाधनेश लांबून ओळखायचे ते शेपटीवरून. महाधनेशाची शेपटी पांढरी आणि तिच्यावर आडवा काळा पट्टा; कवड्याची मधली पिसं काळी, कडेची पांढरी. हे मी सातवीच्या मुलींनासुद्धा फळ्यावर काढून दाखवलं होतं.

या चौघांचा एक मोठा रंगीत तक्ता छापायचा आणि शाळांना, वनखात्याच्या चौक्यांना वाटायचा, असं सरांच्या फार मनात होतं. चित्रं माझी. दोन वर्षं मी ती काढत होते. पहिले तिघे पाहून पाहून काढले. महाधनेश मात्र आम्हाला कोकणातल्या सहलींत दोनदाच दिसला होता आणि दोन्ही वेळा डोक्यावरून उडत गेला होता. खालून पोट आणि शेपटी दिसली, बस. मग सरांनी त्यांच्या जुन्या कॉलेजात शब्द टाकला. तिथल्या प्राणिसंग्रहाच्या खोलीत काचेच्या कपाटात पेंढा भरलेला एक महाधनेश होता. मे महिन्याच्या सुट्टीत मी रोज तिथे स्टूल टाकून बसले आणि पिसन् पीस काढलं. मानेचा पिवळा तेवढा सरांच्या सांगण्यावरून घातला. तो रंग त्या पक्ष्याच्या शेपटीजवळच्या ग्रंथीत असतो, चोचीनं काढून तो मानेला माखतो, मेल्यावर रंग उडून जातो. बाकी सगळं समोर होतं तसंच काढलं. डोळा लाल होता, लाल काढला.

अशात ती आली.

चंद्रपूरकडची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्या वर्षांत असली मुलं पुण्यात रोज उतरत होती. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवरच्या खोलीत तिघं-चौघं भाड्यानं राहायची. ही कंपनीच्या कामाला सहा महिने अमेरिकेत जाऊन आली होती आणि येताना हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन आली होती. पहिल्याच रविवारी उंबरावरचा पक्षी बघून ओरडली, "अरे, हा तर धनेश! आमच्याकडे खूप राहतात!" मी तिपाई उचलून तिच्या खांद्यावर ठेवली. तिनं ती हसत नेली. पायथ्याशी पोचल्यावर म्हणाली, "मस्त रूल आहे सर, आवडला आपल्याला." पुन्हा तिनं कधी आधी नाव घेतलं नाही. पहिल्याच रविवारी शिकली. मला दोनदा तिपाई वाहावी लागली होती.

तिसऱ्या रविवारी सर तिला "तू" म्हणाले. मला बारा वर्षं "तुम्ही" आणि "बाई". आता पुण्यात हा मान असतो, मला कळतं. पण "तू"मध्ये जे असतं ते मानात नसतं, हेही कळतं. पाचव्या का सहाव्या रविवारी तिनं गाडी घेतली. लहानशीच, पण एसी. म्हणाली, "सर, मी येते ना घ्यायला. स्कूटरवर कंबर दुखत असेल तुमची." दुखत होती. सर मला कधी बोलले नव्हते. मग सर पुढे तिच्याशेजारी, आणि मी मागे, तिपाई मांडीवर घेऊन. गाडी सुरू झाली की ती आरशातून विचारायची, "ताई, एसी कमी करू का?" मी म्हणायचे, "नको, असू दे. म्हाताऱ्या माणसांना सवय करून घ्यायला हवी." ती हसायची. टोमणा तिला कळायचा नाही असं मी तेव्हा समजत होते.

घरी येऊन मी ह्यांना म्हणायचे, आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. बारा वर्षं सरांचे डोळे कोण झालं, आणि आता सर विचारतात कुणाला? कारण ते विचारू लागले होते. झाडाकडे तोंड करायचे आणि "हं, सांगा" म्हणायचे. पण कुणी सांगायचं ते म्हणायचे नाहीत, आणि ती आधी सांगायची. बरोबर सांगायची, हेच वाईट होतं. तिच्या कॅमेऱ्यात पक्षी कैद असायचा, तिला घाई नव्हती. एका रविवारी सर तिला किती वेळा "शाबास" म्हणाले ते मी मोजलं. चारदा. मला एकदा, तेही मी डबा उघडून धरला तेव्हा.

जानेवारीत ती एकटी कोकणात जाऊन आली. पुढच्या रविवारी टेकडीखाली चहाच्या दुकानाशी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून तिनं आम्हाला बोलावलं. सगळे भोवती जमले. सरांना तिनं अगदी पडद्याजवळ उभं केलं, पण त्यांना काळं-पिवळं काहीतरी एवढंच दिसत असणार. ते म्हणाले, "मला दाखवू नकोस. खुणा सांग."

"शेपटी पांढरी, त्यावर काळा पट्टा," ती म्हणाली. "मान पिवळी. शिरस्त्राण वरून सपाट. आणि सर, अजून एक. डोळा पांढरा आहे."

"पांढरा?" सर माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या चित्रात तर लाल आहे ना?"

"लालच असतो," मी म्हणाले. "महिनाभर समोर बसून काढलाय मी." एवढं पुरे होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "हिच्या पक्ष्याला मोतीबिंदू झाला असेल सर. कोकणात आता पक्ष्यांसाठीसुद्धा नेत्रशिबिर भरवायला हवं."

सगळे खो खो हसले. सरसुद्धा हसले, त्यांच्याच डोळ्यांचं काय झालंय हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. मग म्हणाले, "कॅमेऱ्याच्या फ्लॅशनं तसं येत असेल. बाईंनी जवळून पाहिलंय. लालच धरू आपण."

"मी फ्लॅश नव्हता मारला सर..." ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असेल पण. लाइट समोरून येऊन राहिला होता." तिनं लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांना चहा आणून दिला, पहिला मला.

आता खरं सांगते. पडद्यावरचा तो डोळा मला स्वच्छ दिसला होता. निळसर झाक असलेला पांढरा, मध्ये काळी बाहुली, भोवती लालसर कातडीची रेघ. फ्लॅशनं डोळा कसा येतो ते माझ्या घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये पानोपानी आहे, आणि हा तसा नव्हता. तरी मी चार दिवस अत्यंत खुशीत होते. शाळेत मुलींना गृहपाठ दिला नाही. ह्यांना साजूक तुपातला शिरा करून घातला.

पाचव्या दिवशी राहवेना. शाळा सुटल्यावर मी त्या कॉलेजात गेले. संग्रहाच्या खोलीतले शिपाई मांजरी गावचे, माझ्या ओळखीचे झाले होते. कपाट उघडून ते ब्रशनं पक्ष्यांवरची धूळ काढत होते.

"या बाई. आज कसं काय येनं केलं?" ते म्हणाले. "तुमच्या गरुडाचा डोळा निगालाय बगा. डिंक लावायचाय."

त्यांच्या तळहातावर लाल काचेचा मणी होता. पाठीमागे बारकी तार.

"हे डोळे मुळातलेच का हो?" मी विचारलं.

"मुळातला डोळा ऱ्हातोय व्हय कुठं! ह्ये काचंचं. माज्या आदीच्या शिपायानं सांगितल्यालं, पेंढा भरनाऱ्या मानसानं एक डबा आनला व्हता. सगळे एकाच रंगाचे. समद्यास्नी तेच बसवलं. घुबडालाबी हायेत, बगा की."

मी बघितलं. घुबडाला लाल. बगळ्याला लाल. घारीला लाल, मोराला लाल, एका बिचाऱ्या होल्याला लाल. अख्खं कपाट एकाच डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं. मी एक महिना रोज सहा तास त्या कपाटासमोर बसले होते, आणि 'आहे तसं बघा' असं वीस वर्षं मुलींना सांगत आले होते.

घरी येऊन पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यातलं चित्र मला तोंडपाठ होतं, त्यात नर होता, डोळा लाल. मजकूर मी कधी वाचलाच नव्हता. चित्रकलेच्या बाईला मजकुराची काय गरज? शेवटच्या ओळीत बारीक टायपात दिलं होतं: नराचा डोळा लाल, शिरस्त्राणाच्या पुढेमागे काळं, मादीचा डोळा पांढरा, शिरस्त्राणाला काळं नाही. कपाटातल्या पक्ष्याच्या शिरस्त्राणाला काळं नव्हतं, म्हणजे ती मादी. मी मादीचं डोकं काढून त्यात नराचा डोळा बसवला होता. असला पक्षी जगातल्या कुठल्याही जंगलात नव्हता. तो फक्त माझ्या तक्त्यावर होता, खाली माझ्या सहीसकट.

तक्ता तेव्हा छापखान्यात होता. दोन दिवसांनी छपाई. एक फोन केला असता तर काम झालं असतं. मी फोन केलाही. तिकडून मालकांनी "बोला बाई" म्हटलं, आणि मी विचारलं, "तक्ते कधी मिळतील?" ते म्हणाले, मंगळवारी. मी बरं म्हणून ठेवून दिला. डोळा सुधारायचा म्हणजे कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं म्हणजे ती बरोबर होती हे सांगावं लागणार. आणि सर म्हणणार, मग हिचा फोटोच का घालू नये? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. एवढासा डोळा, कोण बघतंय.

पाचशे तक्ते छापून सरांच्या घरी आले. सरांनी ते हातांनी चाचपून पाहिले, कागदाचा वास घेतला आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे झालं." मी खाली बघितलं. मग वाटपाचं काम त्यांनी तिला दिलं, कारण गाडी तिच्याकडे. मला त्याचाही राग आला. तिनं सगळे गठ्ठे डिकीत घालून नेले, आणि दोन आठवडे एकही तक्ता कुठे पोचला नाही. मी सरांना म्हणालेही, "हिंजवडीच्या लोकांना वेळ कुठला? त्यांना फक्त फोटो काढायला वेळ असतो."

तिसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेत गुंडाळी आली. मुख्याध्यापिकाबाईंनी कौतुकानं मला बोलावलं, सगळ्या शिक्षिकांसमोर तक्ता उलगडला. चोराच्या मनात चांदणं, माझी नजर थेट डोळ्यावर गेली.

डोळा पांढरा होता. जवळ जाऊन पाहिलं. ऑफिसात कागदावरची चूक पुसायला वापरतात त्या व्हाइटनरचा बारीक ठिपका, त्याच्या मधोमध काळ्या शाईची बाहुली, भोवती लाल पेनची केसासारखी रेघ. आणि 'महाधनेश' या नावापुढे, छापील अक्षराशी जुळेल अशा वळणदार अक्षरात, 'मादी'. इतकं सफाईनं की सांगितल्याशिवाय कुणाला कळू नये. माझी सही होती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी आणखी दोन शाळांत जाऊन आले. दोन्हीकडे तसंच. म्हणजे पाचशेच्या पाचशे. ऑफिसातून रात्री-बेरात्री परत येणारी ती मुलगी दोन आठवडे बसून पाचशे डोळे रंगवत होती, आणि मी सरांकडे तिच्या चहाड्या करत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. उपकार वाटायला हवे होते. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तिचा जितका हेवा वाटला तितका त्याआधी कधीच वाटला नव्हता. कॅमेरा, गाडी, सरांचं "तू", हे सगळं मी समजू शकत होते. पण तिच्या जागी मी असते तर मी हे केलं नसतं. मी तो चुकलेला तक्ता शाळाशाळांत तसाच लागू दिला असता आणि प्रत्येक शाळेत जाऊन त्याच्याकडे बघत उभी राहिले असते.

त्याच संध्याकाळी मी सरांकडे गेले, सगळं सांगून मोकळं व्हायचं ठरवूनच. सर बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. मी रेडिओ बंद केला आणि सांगितलं: तक्त्यावरचा डोळा चुकला होता. मादीचा डोळा पांढरा असतो. कपाटातला डोळा काचेचा होता, सगळ्या पक्ष्यांना एकच.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि छापलेले तक्ते?"

"सगळे दुरुस्त झालेत," मी म्हणाले.

"हे कुणाच्या लक्षात आलं?"

इथे तिचं नाव घ्यायचं होतं. त्यासाठीच मी पेठेतून त्यांच्या घरापर्यंत चालत आले होते. वाटेत दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. मी म्हणाले, "मीच गेले होते कॉलेजात, पुन्हा बघायला. डोळा निखळून आला होता, तेव्हा कळलं." यातला एकेक शब्द खरा होता.

सरांनी हात पुढे केला, माझा हात त्यांना चटकन सापडला नाही, मग मीच तो त्यांच्या हातात दिला. "चुका सगळेच करतात," ते म्हणाले. "सांगायला कोण येतं? तू आलीस."

तू. बारा वर्षांत पहिल्यांदा.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती लग्न करून कॅनडात गेली, दिवाळीला अजून तिचा फोन येतो, आणि मी अजून तिला ताईच आहे. सरांना सांगितल्यानंतर जो रविवार आला त्याबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. तो रविवार असा झाला.

टेकडीखाली चहाच्या दुकानाशी सगळे उभे होते. सरांनी हातातल्या काठीनं बॉनेटवर टकटक केली आणि सगळ्यांना गप्प केलं. मग मी त्यांना जे सांगितलं होतं ते सगळं त्यांनी गटाला सांगितलं. कपाट, डबाभर लाल डोळे, मी पुन्हा जाऊन कसं तपासलं, स्वतः होऊन कसं येऊन सांगितलं. म्हणाले, याला म्हणतात बघणं. ती समोर उभी होती, हातात चहाचा ट्रे घेऊन. मी तिच्याकडे बघितलं नाही. दुकानाच्या पाटीवरचे भाव वाचत राहिले.

"पण मला एक सांगा," सर म्हणाले, "पाचशे तक्ते छापून झाले होते. एवढे डोळे दुरुस्त केले कुणी? कधी?"

सर माझ्या दिशेनं तोंड करून उभे होते, एरवी झाडाकडे करायचे तसे. मी तोंड उघडलं. अजूनही मला वाटतं की मी सांगणारच होते. पण मला घाई नव्हती, आणि तेवढ्यात तीच बोलली.

"ताईंनीच केले सर. माझ्या रूमवर येत होत्या ना रोज, दोन आठवडे. मी काय, वाळले की नुसत्या गुंडाळ्या करून ठेवत होती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं ट्रे खाली ठेवला आणि तिनंही वाजवल्या. मी सगळ्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं."